सोलापुरात घरातल्या घरात ट्युलिप आणि हायसिंथ फुलवणे : कोणी करून पाहिले आहे का?

जुईदर्शन (२१ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मी ट्युलिपचे १० आणि हायसिंथचे ४ कंद घरपोच मागवले होते. सोबत आलेल्या कागदावर "कुंडीत लावा, पाणी घाला, सहा आठवड्यांत फुले येतील" एवढेच लिहिलेले होते आणि मी ते अक्षरशः पाळले. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या पूर्वेकडच्या गॅलरीत कुंड्या ठेवल्या. पाने चार बोटे वर आली, त्यांच्या बेचक्यात हिरवट कळीही दिसू लागली, परंतु तिचा दांडा काही केल्या वाढेना. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली तोवर कळी कागदासारखी वाळून गेली होती.

एक कंद मुळी उगवलाच नव्हता. तो मी सुरीने उभा चिरून पाहिला. पांढऱ्या मांसल पाकळ्यांच्या अगदी मध्यभागी गव्हाच्या दाण्याएवढी फिकट पिवळी कळी होती आणि भिंगाखाली तिच्यातले पुंकेसरसुद्धा मोजता येत होते. फूल आत तयारच होते, हे पाहिल्यापासून मला चैन पडलेले नाही. ते बाहेर का आले नाही आणि आपल्या हवेत ते बाहेर आणण्यासाठी काय करावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. यंदा मी कंद लवकर मागवले असून ते महिनाअखेरीस येतील.

पार्कचौक (२१ सप्टेंबर)

आमच्याकडेही तंतोतंत असेच झाले होते, त्यामुळे उत्तरांची वाट पाहत आहे.

वनस्पती_सर (२२ सप्टेंबर)

जुईताई, आपण कंद चिरून पाहिलात हे फार चांगले केले, कारण आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या गव्हाच्या दाण्यातच आहे. ट्युलिप हे मूळचे मध्य आशियातल्या डोंगराळ प्रदेशातले झाड आहे. तिथे उन्हाळ्यात माती कोरडी पडते, पाने वाळतात, कंद जमिनीत निजतो आणि त्या निजेतच त्याच्या पोटात पुढच्या वर्षीचे फूल घडते. हायसिंथचेही तसेच असते. आपल्या हाती कंद येतो तेव्हा कळी तयार असते, परंतु दांडा लांबण्याची तयारी झालेली नसते.

ती तयारी थंडी करते. ४ ते ९ अंश सेल्सिअसमध्ये कंद काही आठवडे राहिला, की आतल्या स्टार्चची हळूहळू साखर होते आणि दांड्यातल्या पेशी ताणल्या जाण्यास सज्ज होतात. थंडी मिळाली नाही तर पाने येतात, कळीही दिसते, मात्र दांडा आखूडच राहतो आणि कळी पानांतच वाळते. आपल्या कुंडीत नेमके हेच घडले. ट्युलिपला साधारण १२ ते १६ आठवडे, हायसिंथला १० ते १४, क्रोकसला ८ ते १५ आणि डॅफोडिलला १२ ते १५ आठवडे थंडी लागते. सोलापुरात डिसेंबरच्या रात्री पारा सर्वसाधारणपणे १५ अंशांच्या आसपास उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या घरात जातो. या कंदांच्या दृष्टीने हा हिवाळा नव्हेच. म्हणून आपल्याकडे हिवाळा फ्रीजमध्येच करावा लागतो.

आता हिशेब पाहा. कंद ३ ऑक्टोबरला फ्रीजमध्ये ठेवले तर १२ आठवडे २६ डिसेंबरला पूर्ण होतात. पुढचे तीन-चार आठवडे हेच आपल्या वर्षातले सर्वांत थंड दिवस असतात आणि फूल येण्यासाठी तेच हवे असतात. नोव्हेंबरमध्ये कंद आणले तर हा मेळ बसत नाही, कारण ते बाहेर काढायच्या वेळी फेब्रुवारीचे ऊन तापू लागलेले असते. विक्रेत्याने आधीच थंडी दिलेले कंद पाठवले असतील तर तेवढे आठवडे वजा करावेत, म्हणून खरेदी करतानाच हे विचारून घ्यावे.

होटगीरोड_बाग (२२ सप्टेंबर)

सरांची माहिती अचूक आहे, परंतु मला मूळ कल्पनेबद्दलच शंका आहे. पाच-सहा दिवसांच्या फुलासाठी तीन महिने फ्रीजचा कप्पा अडवायचा आणि तो कंद पुढच्या वर्षी पुन्हा फुलणारही नाही, हे मला पटत नाही. आपल्या मातीत निशिगंध आहे, पावसाळी लिली आहे, फुटबॉल लिली आहे. फुटबॉल लिलीचा कंद वर्षातले कित्येक महिने कुंडीत नुसता पडून असतो आणि मे महिन्यात वळवाचा एक शिडकावा झाला, की पानांच्याही आधी तिचा लालभडक गोळा वर येतो. तिला थंडी लागत नाही, उलट कोरडी विश्रांती लागते, आणि ती सोलापूर भरभरून देते. ज्या गावाने जे दिले आहे त्यावर प्रेम करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मृदगंधा (२३ सप्टेंबर)

होटगीरोड काका, निशिगंधावर माझेही प्रेम आहे आणि माझ्या गच्चीवर त्याच्या सहा कुंड्या आहेत. परंतु श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुली झालेली ट्युलिपची बाग मी एप्रिलमध्ये पाहिली. सुमारे ३० हेक्टरांवर पसरलेले ते रंग आणि समोरचा दल सरोवर पाहून आल्यावर एक तरी ट्युलिप स्वतःच्या हाताने फुलवावा, असे वाटत राहिले. तिथे शरद ऋतूत कंद लावतात आणि पुढची थंडी काश्मीरचा हिवाळा आपोआप देतो. आपण फ्रीजचे दार उघडून तोच हिवाळा उसना घेतो, एवढाच फरक आहे.

मी हे सलग तीन वर्षे करत आहे, म्हणून पहिल्या वर्षीची चूक आधी सांगते. मी कंद कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवले आणि शेजारीच पेरू, केळी, सफरचंदे ठेवत गेले. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याने फळे पिकतात, पण कंदाच्या पोटातली कळी मरते. बाहेर काढल्यावर बाराही कंदांना नुसती पाने आली. त्यातला एक चिरला तेव्हा जुईताईंना दिसलेल्या पिवळ्या दाण्याच्या जागी तपकिरी, सुकलेली टाचणीएवढी काडी होती. तेव्हापासून ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्या घरातली फळे टेबलावरच्या टोपलीत असतात आणि फ्रीजमध्ये एकही फळ जात नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ट्युलिपचा कंद तपकिरी पापुद्र्यासकट हुबेहूब कांद्यासारखा दिसतो, आणि आपल्या घरात कांदा कुठे नसतो? एका संध्याकाळी सासूबाईंनी पिठल्यासाठी पिशवीतला एक कंद काढून सोलला. सोलताना डोळ्यांत पाणी आले नाही आणि वासही आला नाही, म्हणून त्या थांबल्या आणि मला हाक मारली. हे कंद विषारी असतात. नार्सिसस म्हणजे डॅफोडिलच्या जातीचे कंद पोटात गेले तर जोरदार उलट्या होतात. आता मी ते झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ठेवते, डब्यावर "हा कांदा नाही, विषारी आहे" असे मोठ्या अक्षरांत लिहिते आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तांबडी फुलीही काढते. घरात लहान मुले किंवा कुत्रे-मांजर असेल त्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

जुईदर्शन (२३ सप्टेंबर)

मृदगंधाताई, अंगावर काटा आला. आमच्याकडे पोत्याने कांदा येतो, त्यामुळे डबा आणि फुली दोन्ही करणार. एक शंका आहे : कंद बर्फाच्या कप्प्याच्या जवळ ठेवले तर थंडी लवकर पुरी होईल का?

वनस्पती_सर (२३ सप्टेंबर)

नाही. शून्याखाली गेल्यास कंदातले पाणी गोठते, पेशी फुटतात आणि बाहेर काढल्यावर कंद मऊ पडून कुजतो. आठवड्यांचा हिशेब जास्त थंडी देऊन कमी करता येत नाही. मागच्या भिंतीला चिकटूनही ठेवू नका, कारण काही फ्रीजमध्ये तिथे बर्फ धरतो. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून प्रत्येक कंद बोटाने दाबून पाहावा. मऊ लागलेला किंवा निळसर बुरशी खोलवर गेलेला कंद लगेच काढून टाकावा. वरच्या पापुद्र्यावर किंचित बुरशी असेल तर ती कोरड्या फडक्याने पुसली तरी चालते.

लक्ष्मीपेठ_माळवद (२५ सप्टेंबर)

फ्रीजपर्यंतचे सर्वांनी छान लिहिले आहे. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे सोलापुरात खरा घोटाळा फ्रीजमधून बाहेर काढल्यावर होतो. १२ आठवडे ५ अंशांत राहिलेला कंद आपण एकदम २८ अंशांच्या खोलीत आणतो. तो घाईघाईने फुटतो, दांडा आखूड राहतो आणि फूल दोन दिवसांत मान टाकते. बाहेर काढल्यावर पहिले दोन आठवडे १५ ते १८ अंश मिळाले तर दांडा सावकाश आणि नीट वाढतो.

आमचे घर जुने, माळवदाचे म्हणजे मातीच्या सपाट छताचे आहे. भिंती हातभर जाडीच्या आहेत आणि आतल्या खोलीत, जिथे पूर्वी वडिलांचा माग होता, तिथे जानेवारीत पहाटे तापमापक १७ दाखवतो आणि दुपारी २२ च्या वर जात नाही. त्याच दिवशी मुलाच्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये दुपारी २७ असते. म्हणून नातेवाइकांचे कंदही डिसेंबरअखेरीस आमच्याच मागाच्या खोलीत मुक्कामाला येतात.

ज्यांच्याकडे माळवद नाही त्यांनी माठाची युक्ती करावी. कंदाची लहान मातीची कुंडी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवावी, मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू दिवसातून दोनदा भिजवावी. आपली हवा कोरडी असल्यामुळे पाणी झपाट्याने उडते आणि आतली माती गार राहते. गेल्या वर्षी मी दोन्ही ठिकाणी तापमापक खोचून पाहिले, तेव्हा दुपारी ५ अंशांचा फरक पडला होता. कोकणात दमट हवेमुळे हे तितकेसे साधणार नाही, मात्र सोलापूरला हे वरदान आहे. फक्त आतल्या कुंडीत पाणी साचू देऊ नये, कारण साचलेल्या पाण्यात कंद कुजतो. माठाने थंडीचे १२ आठवडे मात्र भरून निघत नाहीत. त्यासाठी फ्रीजच हवा.

चाटीगल्ली (२५ सप्टेंबर)

हायसिंथ मातीशिवाय नुसत्या पाण्यावर येते असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

मृदगंधा (२६ सप्टेंबर)

अगदी खरे आहे आणि पाहायला फार सुंदर आहे. गळा अरुंद आणि तोंड वाटीसारखे असलेली काचेची बाटली घ्यावी. कंद त्या वाटीत बसतो आणि मुळे खाली पाण्यात उतरतात. पाणी कंदाच्या बुडाला टेकता कामा नये. दोघांमध्ये करंगळीच्या जाडीएवढे अंतर ठेवावे. मुळांना पाण्याचा ओलावा कळतो आणि ती आपणहून खाली येतात. बाटली फ्रीजमध्ये किंवा थंडी पुरी झाल्यावर गार, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. पांढरीशुभ्र मुळे बाटलीच्या तळाला जाऊन गोल फिरू लागतात. कोंब चार बोटे वर आला, की हळूहळू उजेडात आणावी. कोंब आखूडच राहतो आहे असे वाटले तर त्याच्यावर जाड कागदाची टोपी ठेवते. अंधारात दांडा उंच होतो आणि फुले पानांच्या वर येतात.

हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला. त्यांच्या सालीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि हात-मान खाजून लाल होते. पाणी आठवड्यातून एकदा बदलावे. आमच्या बोअरच्या पाण्याने काचेवर पांढरे थर बसतात, त्यामुळे मी पिण्याचेच पाणी वापरते.

उत्तरकसबा (२७ सप्टेंबर)

ज्यांना फ्रीजचा कप्पा देता येत नाही त्यांनी नर्गिस आणि अमरिलिस लावावे, असे मी सुचवते. पेपरव्हाइट जातीच्या नर्गिसला थंडी लागतच नाही. उथळ काचेच्या भांड्यात गोटे पसरून त्यांत कंद अर्धे रोवायचे आणि पाणी कंदाच्या बुडापर्यंतच ठेवायचे. चार ते सहा आठवड्यांत पांढऱ्या फुलांचे घोस येतात आणि सुगंध सगळ्या घरात दरवळतो. काहींना तो उग्र वाटतो, म्हणून निजायच्या खोलीत ठेवू नये.

नर्गिसची एकच अडचण आहे : उबदार खोलीत पाने आणि दांडे हातभर वाढतात आणि फुलांच्या भाराने आडवे पडतात. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर संशोधन झाले असून त्यात सापडलेला उपाय मी तीन वर्षे करत आहे. कोंब दोन बोटे वर आले, की भांड्यातले पाणी ओतून टाकावे आणि त्याऐवजी ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेले पाणी भरावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या सर्जिकल स्पिरिटचा एक भाग आणि पाण्याचे अकरा भाग घेतले, की प्रमाण जमते. झाडाला पाणी शोषणे थोडे अवघड होते, त्यामुळे दांडे एक तृतीयांश ते निम्म्याने आखूड राहतात, फुले मात्र तेवढीच येतात. प्रमाण वाढवू नये, नाहीतर मुळे जळतात.

अमरिलिस तर दक्षिण अमेरिकेतले असल्यामुळे आपल्या उन्हाशी त्याची मैत्रीच आहे. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवावा आणि कुंडी कंदापेक्षा थोडीच मोठी घ्यावी. सप्टेंबरमध्ये पाणी बंद करून ८ ते १० आठवडे कंद कोरडा ठेवावा. नंतर नवी माती आणि पाणी दिले, की सुमारे ६ ते ८ आठवड्यांत फूल येते. म्हणजे फुलण्याचा महिना आपल्याला ठरवता येतो, आणि तोच कंद वर्षानुवर्षे फुलतो.

पार्कचौक (२७ सप्टेंबर)

केशराचा कंदही असाच घरात फुलवता येईल का? तेसुद्धा क्रोकसच आहे ना?

वनस्पती_सर (२८ सप्टेंबर)

होय, केशर हे क्रोकसच आहे, परंतु त्याचा क्रम उलटा आहे. त्याची कळी २३ ते २७ अंशांच्या उबेत घडते आणि नंतर साधारण १७ अंशांपर्यंत गारवा मिळाला की फूल बाहेर येते. फूल मातीशिवाय, ट्रेमध्ये ठेवलेल्या नुसत्या कंदालाही येते, म्हणूनच बंद खोल्यांमध्ये केशर घेणे शक्य होते. मात्र एका फुलात केशराचे तीनच तंतू असतात आणि पुढच्या वर्षीसाठी कंद पोसणे हे वेगळेच काम आहे. हौस म्हणून पाच कंद जरूर लावा.

जुईदर्शन (२९ जानेवारी)

मंडळी, आपण सर्वांनी दिलेला वेळ वाया गेला नाही, हे सांगायला आले आहे.

ट्युलिपचे ८ आणि हायसिंथचे ४ कंद ३ ऑक्टोबरला भोकांच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवले. फळे बाहेर काढली आणि तांबडी फुली काढली. नोव्हेंबरच्या तपासणीत ट्युलिपचा एक कंद मऊ लागला, तो टाकला. २६ डिसेंबरला उरलेले ट्युलिप कुंडीत लावले. लक्ष्मीपेठ काकांनी आपल्या मागाच्या खोलीत जागा दिली, तिथे ते १२ दिवस राहिले. नंतर घरी आणून दुहेरी कुंडीत, ओल्या वाळूत ठेवले.

पहिला ट्युलिप १९ जानेवारीला उमलला. सकाळी सहा वाजता कळी मिटलेली आणि बाहेरून हिरवट होती. नऊ वाजता खिडकीतून ऊन सरकत आले तशा पाकळ्या सैल झाल्या आणि आत तळाशी पिवळा गोल दिसला. त्याच्याभोवती सहा काळे पुंकेसर होते, मी गेल्या वर्षी भिंगातून मोजलेले तेच. संध्याकाळी फूल पुन्हा मिटले. सातपैकी पाच कंद फुलले. दोघांचे दांडे वीतभरच झाले, पण फुले पूर्ण उघडली. एका फुलाला जास्तीत जास्त सहा दिवस मिळाले. हायसिंथ चारपैकी तीन आली. त्यांतले निळे बाटलीतले आहे आणि त्याचा वास जिन्यापर्यंत येतो.

आता विचारायचे आहे की फुले संपल्यावर या कंदांचे काय करू?

वनस्पती_सर (२९ जानेवारी)

मनःपूर्वक अभिनंदन. ट्युलिपचा कंद फुलताना आपला साठा संपवतो आणि नवा साठा करायला त्याला फुलल्यानंतरचे कित्येक आठवडे गारवा आणि ऊन एकत्र लागते. आपल्याकडे मार्चमध्येच ते शक्य होत नाही. पाण्यावरचे हायसिंथही थकलेले असते. दोन्ही खतात घालावेत आणि पुढच्या वर्षी नवे कंद घ्यावेत. वाईट वाटून घेऊ नका, कारण थंड देशांतही घरात अवेळी फुलवलेले ट्युलिप बहुतेक जण पुन्हा त्याच कामासाठी वापरत नाहीत.

होटगीरोड_बाग (३० जानेवारी)

जुईताई, १९ तारखेच्या सकाळचे वर्णन मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. माझे मत अजून तेच आहे, परंतु पाच फुले पाहून आपल्याला झालेला आनंद मला समजतो. माझ्याकडे फुटबॉल लिलीचे कंद कुंडीत दाटले आहेत. तीन कंद आपल्यासाठी वेगळे काढले आहेत. ते उथळ लावा, वरचे टोक मातीबाहेर दिसू द्या आणि एप्रिल संपेपर्यंत पाणी अजिबात घालू नका.

जुईदर्शन (३० जानेवारी)

काका, रविवारी सकाळी दहा वाजता येते. येताना निळ्या हायसिंथची बाटली घेऊन येते, तिची शेवटची चार-पाच फुले अजून उमलायची आहेत.